ऐटीत बसणारे सहा त्रिकोण

माझी धाकटी बहीण ही माझी शेपूट आहे. हे मी म्हणत नाही, अख्खी गल्ली म्हणते. चालायला लागली तेव्हापासून ती माझ्या मागे आहे. मी पाणी प्यायला उठले की तिला तहान लागते, मला शिंक आली की ती नाक पुसते. घरात तिला हाकच मुळी शेपूट म्हणून मारतात. मला या सगळ्याचा भयंकर वैताग यायचा. म्हणजे कर्कटक येईपर्यंत.

कर्कटक म्हणजे आमच्या नववीत यंदा नवीन आलेली मुलगी. पाय लांबच लांब आणि काटकुळे. पहिल्या दिवशी दारातून शिरली ती दोन ढांगांत शेवटच्या बाकाशी पोचली, तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, कंपासपेटी उघडी कोणी टाकली?" झालं, नाव चिकटलं. दुसरी कोणी असती तर रडली असती. ही हसली, आणि दोन्ही पाय फाकवून खरंच कर्कटकासारखी उभी राहिली. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की हे प्रकरण साधं नाही.

माझी आई घरीच कपडे शिवते. कर्कटकच्या गणवेशाचा स्कर्ट तिच्या पायांना पुरेना, म्हणून ती एका संध्याकाळी दुमड उसवून घ्यायला आमच्याकडे आली. आई शिवण उसवत होती तेवढ्या वेळात या बाईसाहेबांनी शेपटीची सागरवेणी घातली. मला सागरवेणी येत नाही. मला साधी वेणी येते, आणि तीही एका बाजूला कलते. शेपूट आरशासमोरून हलेना. वर कर्कटकने दप्तरातून लाकडी पट्ट्यांचे तुकडे काढून तिला खेळायला दिले. तिच्या बाबांचं तसबिरींना चौकटी करून द्यायचं दुकान आहे, तिथले हे उरलेले तुकडे, कडेला सोनेरी रेघ असलेले. शेपूट ते उशीखाली घेऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना ती मला म्हणाली, "ताई म्हणाली, रात्री केस सैल बांधायचे."

"मी कधी म्हणाले?"

"तू नाही गं. *ताई.*"

तोंडात फेस होता म्हणून मी काही बोलले नाही. नाहीतर आमच्या घरात तेव्हाच काहीतरी झालं असतं.

आता आमच्या शाळेतल्या एका गोष्टीबद्दल सांगायला हवं. गणिताच्या बाईंनी एक पद्धत पाडली आहे, तिला सगळे 'उसना तास' म्हणतात. नववीतल्यांनी सहावीचा एक तास उसना घेऊन शिकवायचा. बाई मागच्या बाकावर सहावीतल्या मुलांमध्ये बसतात, आणि त्या तासात त्या बाई नसतातच. कोणी चुकलं तरी सांगत नाहीत, कोणी अडलं तरी मदत करत नाहीत. फक्त शेवटी हात वर करून एक प्रश्न विचारतात. तोही सहावीतल्या मुलीसारखा.

या वेळी विषय होता त्रिकोणाची ओळख. वर्ग होता सहावी अ. आणि सहावी अच्या दुसऱ्या बाकावर बसते शेपूट.

मी हात वर केला. पूर्वीची मी असते तर केला नसता. गेल्या वर्षापर्यंत माझा आवाज इतका बारीक होता की वर्गात बसलेली असूनही माझी एकदा गैरहजेरी लागली होती. मग यंदा मैदानावर माईक बंद पडला, आणि कोणीतरी सूचना वाचा म्हणून माझ्या हातात कागद कोंबला, आणि मला काय झालं कोण जाणे, मी जी ओरडले ती फाटकावरचा रखवालदारसुद्धा खुर्चीतून उठला. तेव्हापासून मी भोंगा. मला ते नाव मनापासून आवडतं. इतकी वर्षं कुठे लपवून ठेवला होता हा आवाज, असं मलाच वाटतं, आणि आता मी तो जिथे मिळेल तिथे वापरते.

तर मी हात वर केला. आणि शेवटच्या बाकावरून आणखी एक हात वर झाला, तो तर जवळजवळ पंख्याला लागला.

"छान," बाई म्हणाल्या. "अर्धा तास तुझा, अर्धा तिचा."

"बाई, पहिला अर्धा माझा!" मी म्हणाले. निदान तेवढं तरी.

तो आठवडा फार सुंदर गेला, कारण शेपूट पुन्हा माझी झाली. मी साड्यांच्या खोक्यांचा पुठ्ठा आणला. आईच्या चिंध्यांतून रंगीत कापडं निवडली. मी पुठ्ठा कापायचा, तिने कापड चिकटवायचं. सहा त्रिकोण केले. लाल, पिवळा, निळा, ठिपक्यांचा, चौकटीचा आणि एक चकचकीत अस्तराचा. सगळ्यांच्या बाजू अगदी सारख्या, पट्टीने तीनतीनदा मोजलेल्या. कोणतीही बाजू खाली ठेवा, तसेच दिसतील. शेपूट त्यांच्याकडे बघून म्हणाली, "ताई, किती गं भारी!" आणि तो 'ताई' निःसंशय माझा होता.

एक लहानशी अडचण अशी की पुठ्ठा मी आईच्या कापडाच्या कात्रीने कापला. ज्यांच्या घरी कोणी शिवतं त्यांना हा गुन्हा केवढा मोठा आहे ते कळेल. कात्री मी पुसून जागच्या जागी ठेवली आणि देवाला सोडून कोणाला काही सांगितलं नाही. त्रिकोण डब्यात भरले, डब्याला झाकण बसेना म्हणून आईच्या टोपलीतलं बारीक इलॅस्टिकचं अख्खं बंडल त्याच्याभोवती गुंडाळलं, आणि निघाले.

माझा अर्धा तास! काय सांगू? मी फळ्यासमोर उभी राहिले आणि डब्यातून लाल त्रिकोण असा काढला जसा काही टोपीतून ससा. टेबलावर ठेवला. मागे डस्टरचा टेकू.

"हा कोण?"

"त्रिकोण!"

"बाजू किती?"

"तीन!"

"कोपरे किती?"

"तीन!"

"आणि त्रिकोण बसतो कसा?" हे मी आधी ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. वर्ग गप्प. मी छाती पुढे काढली, हनुवटी वर केली आणि म्हणाले, "ऐटीत! बघा कसा बसलाय! खाली मस्त मांडी, वर टोक!"

वर्ग खूश झाला. मग काय विचारता. मी पिवळा ठेवला, "कसा बसतो?" "ऐटीत!" निळा ठेवला, "कसा?" "ऐटीत!" शेवटी शेवटी तर बाकं वाजायला लागली. शेजारच्या वर्गातल्या सरांनी डोकावून पाहिलं. शेपूट दुसऱ्या बाकावर अर्धी उभी राहून शेजारणीला सांगत होती, "ठिपक्यांचा मी चिकटवलाय. ती माझी ताई आहे." मी टेबलावर सहाही त्रिकोण रांगेत मांडून ठेवले, कर्कटककडे बघून गोड हसले आणि बाजूला झाले. मनात म्हटलं, घाल आता सागरवेणी.

कर्कटक पुढे आली. तिच्याकडे रंग नाही, कापड नाही. एका पिशवीत त्याच त्या चौकटींच्या पट्ट्या, टोकांना भोकं पाडलेल्या, आणि भोकांत घालायला छोटे स्क्रू. ती हळू बोलते. इतकी हळू की मागच्या बाकांना पुढे सरकावं लागलं. आणि ते सरकले, हे मला अजिबात आवडलं नाही. तिने दोन लांबलचक पट्ट्या घेतल्या, एक बोटभर लांबीचा तुकडा घेतला, तिन्हींची टोकं जोडली आणि वर धरलं. लांब, बारीक, टोकाकडे निमुळतं होत गेलेलं काहीतरी. धरलंही कसं, तर आडवं.

"हा कोण?" तिने विचारलं.

कोणी बोलेना. एकदोघांनी "त्रि..." एवढं म्हणून माझ्या टेबलावरच्या रांगेकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

मग शेपूट उभी राहिली. "हा त्रिकोण नाहीये."

"का गं?"

"हा बसतच नाही. त्रिकोण ऐटीत बसतो." तिने माझ्या त्रिकोणांकडे बोट केलं. "ते बघ, ताईचे. ते त्रिकोण. हा तर चिमटा आहे."

वर्ग फुटला. "चिमटा! चिमटा!" कोणीतरी तालात बाक बडवायला लागलं. कर्कटकने पट्ट्या खाली ठेवून उभ्या करून पाहिल्या. त्या बोटभर तुकड्यावर कशा उभ्या राहणार? आडव्या पडल्या. वर्ग आणखी हसला.

"कोपरे मोजून तर बघा," ती म्हणाली. "तीनच आहेत."

"असू देत," शेपूट म्हणाली. कंबरेवर हात. "माझ्या ताईने सांगितलंय."

माझ्या जिवाला असं गार वाटलं म्हणून सांगू! कोणती ताई ते आज अख्ख्या सहावी अच्या देखत ठरलं होतं. सागरवेणी हरली, सोनेरी रेघेच्या पट्ट्या हरल्या. कर्कटकचे कान लाल झाले होते. तिने मागे बाईंकडे पाहिलं. बाई हातावर गाल टेकून सहावीतल्या मुलीसारख्या बसल्या होत्या. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

ती एवढंच म्हणू शकली असती की तुमच्या ताईने तुम्हाला अर्धंच सांगितलंय. खरंच होतं ते. मी तिच्या जागी असते तर भोंग्यासारखं ओरडून सांगितलं असतं. ती मात्र हातातला स्क्रू नुसता गोल गोल फिरवत राहिली.

आणि मला तिचा इतका राग आला! काय गरज आहे इतकं चांगलं वागायची? थोडा वाईटपणा केला असता तर मला निवांत गप्प बसता आलं असतं. घंटा व्हायला फार वेळ नव्हता. मी फक्त खिडकीबाहेर बघायचं होतं. मग मुलं घरी जाणार, शेपूट माझं बोट धरणार, आणि जन्मभर एखादी घडीची शिडी, एखादी निमुळती पताका, असं काही दिसलं की म्हणणार, हा त्रिकोण नाही, माझ्या ताईने सांगितलंय.

तिथेच सगळं फिसकटलं. जन्मभर चुकीचं सांगत फिरणार आणि वर माझं नाव घेणार, हे मला बघवेना.

"शेपटे," मी म्हणाले, "तो त्रिकोण आहे."

माझा आवाज गेल्या वर्षीचा झाला होता. कोणाला ऐकूच गेला नाही. मग मी भोंगा लावला. "ए! गप्प बसा सगळे! तो त्रिकोण आहे! कर्कटकचं बरोबर आहे!"

शेपटीने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी तिची खुर्ची मागून ओढून घेतली. "पण तूच म्हणालीस..."

"मी सहा दाखवले आणि सगळे एकसारखे दाखवले. बाकीचे दाखवायचे राहिले."

"तू ऐटीत म्हणालीस."

"म्हणाले. ते मी असंच म्हणाले."

"असंच?" तिचा ओठ बाहेर आला. घरी हा ओठ बाहेर आला की आम्ही सगळे पांगतो.

आता नुसतं बोलून ती ऐकणार नाही हे मला माहीत होतं. ती बोटाने चाचपल्याशिवाय काहीही मानत नाही. मी इकडेतिकडे पाहिलं, तर समोर डबा, आणि डब्याशेजारी सोडून ठेवलेलं इलॅस्टिक. मी दोन्ही टोकांची गाठ मारली आणि एक भलंमोठं कडं केलं.

"कर्कटक, इकडे ये. हे धर. शेपटे, तूसुद्धा."

"मी नाही."

"बरं. मग दुसऱ्या कोणाला तरी..."

ती आली. तिघींनी एकेका बोटात इलॅस्टिक अडकवलं आणि मागे सरलो. माझ्या सहांसारखाच नीटस त्रिकोण झाला, फक्त हवेत.

"हा त्रिकोण?" मी वर्गाला विचारलं.

"हो!"

"आता आम्ही दोघी जवळ येतो," कर्कटक म्हणाली. तिला न सांगताच कळलं होतं. तीही एक गोष्ट मला खटकली. ती सरकत माझ्याजवळ आली. आमच्यामध्ये वीतभर अंतर राहिलं. तिच्या केसांना लाकडाच्या भुशाचा वास येत होता. "आणि तू लांब जा. आमच्याकडे तोंड करून. हळूहळू."

शेपूट उलटी चालायला लागली. ओठ तसाच बाहेर. पहिला बाक, दुसरा बाक. इलॅस्टिक ताणलं जाऊन बारीक होत गेलं.

"अजून त्रिकोण आहे?" मी विचारलं.

"आहे!"

"कधी संपला तर सांगा!"

मुलं बाकांवर चढून बघायला लागली. शेपूट मागे मागे गेली. कोणीतरी ओरडलं, "संपला!" लगेच दुसरा म्हणाला, "कुठे संपला? कोपरा मोज ना!" "आहे, अजून आहे!" "चिमटा झाला!" "झाला तरी त्रिकोणच आहे!" शेपूट थेट बाईंच्या बाकापाशी पोचली, भिंतीला टेकली. वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन रेघा आणि इकडे आमच्या दोघींमधली वीतभर. कर्कटकच्या त्या चिमट्यासारखा हुबेहूब.

"शेपटे," मी म्हणाले, "तू सांग. कुठे संपला?"

तिने नीट पाहिलं. स्वतःच्या बोटाकडे, मग दोन्ही रेघांवरून नजर सरकवत आमच्याकडे.

"नाही संपला," ती म्हणाली. आणि मग तिला सगळा राग एकदम आठवला. तिने बोट काढून घेतलं.

ताणलेलं इलॅस्टिक वर्गभरातून सुसाटत आलं आणि फाटकन माझ्या आणि कर्कटकच्या बोटांवर बसलं.

"आई गं!" आम्ही दोघी एका सुरात ओरडलो.

वर्ग हसून हसून लोळायचा बाकी राहिला. कर्कटक बोट तोंडात घालून उड्या मारत होती, आणि इतके लांब पाय असलेलं माणूस उड्या मारतं तेव्हा हसू आवरणं अवघड असतं. मी तरी नाही आवरलं. तीही हसत होती. मागे बाईंनी हात वर केला.

"ताई," बाई म्हणाल्या, सहावीतल्या मुलीच्या आवाजात, "एक प्रश्न आहे. तिसरीने सोडलं तर तो त्रिकोण कुठे गेला?"

मी आणि कर्कटकने एकमेकींकडे पाहिलं. उत्तर कोण देणार यावर आमची धक्काबुक्की व्हायची वेळ आली होती, तेवढ्यात शेपूट रडवेल्या आवाजात म्हणाली, "गेला. कोपरे दोनच उरले ना. दोघींचा कसा होईल?"

घंटा झाली.

घरी जाताना ती माझ्यापासून चार पावलं पुढे चालत होती. शेपूट, पुढे! मी हाक मारली, वळली नाही. मागून ढांगा टाकत कर्कटक आली आणि तिने तो लांबट पट्ट्यांचा त्रिकोण तिच्यापुढे धरला. "घे. तुला."

मला वाटलं, शेपूट तोंड फिरवेल. मनातून मी अगदी देव पाण्यात घालून बसले होते. तिने दोन्ही हातांनी घेतला.

"थँक्यू, कर्कटकताई," ती म्हणाली.

कर्कटकताई. मी तो शब्द रस्ताभर चघळला. नुसतं 'ताई' नव्हे, पुढे काहीतरी जोडलेलं. चालेल, मी म्हटलं. एवढं चालवून घेईन.

गल्लीच्या वळणावर शेपूट थांबली आणि माझं बोट बघायला मागितलं. लाल वळ उठला होता. तिने फुंकर घातली, मग लगेच आठवलं म्हणून रागाने म्हणाली, "सगळ्यांसमोर मला चूक म्हणालीस."

"चुकले मी होते. तू तर माझ्या बाजूने बोललीस."

"मग?"

"मग काही नाही. फार भारी बोललीस."

ती चार पावलं मागे येऊन माझ्या पाठोपाठ चालायला लागली.

घरी आईच्या हातात कात्री होती. समोर ताणून धरलेलं कापड, आणि कात्री ते कापायच्या ऐवजी चावत होती. "या कात्रीने पुठ्ठा कोणी कापला?" आई अगदी शांत आवाजात म्हणाली. हा आवाज माझ्या भोंग्यापेक्षा लांब पोचतो.

"आम्ही," शेपूट म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. तिने फक्त चिकटवलं होतं.

व्हायचं ते बोलणं झालं. आता माझे सहा त्रिकोण आमच्या खोलीच्या भिंतीवर रांगेत आहेत, ऐटीत. त्यांच्या वर, खिळ्याला, कर्कटकचा लांब त्रिकोण टोक खाली करून लटकतो. सोनेरी रेघ असल्यामुळे संध्याकाळी तोच तेवढा चमकतो, आणि शेपूट झोपण्यापूर्वी तोच बघत बसते. मला अजिबात बघवत नाही.

म्हणून मी आज कागदाच्या कात्रीने, उरलेल्या पुठ्ठ्याचा एक सातवा कापायला घेतलाय. शेपूट पट्टी धरून बसली आहे.

"अजून बारीक," ती म्हणते.

"तिच्यापेक्षा बारीक?"

"तिच्यापेक्षा."

"धर मग नीट," मी म्हणते. "हलू नकोस."